पोलादी बेलहाऊसिंग, सरकलेलं केंद्र: नागपुरातल्या एका जुन्या कॉर्व्हेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी 1969 ची शेवरले कॉर्व्हेट. 350 घनइंचांचं व्ही-8 इंजिन, मन्सी कारखान्याचा चार गिअरांचा एम-20 गिअरबॉक्स, डावीकडे स्टिअरिंग. मालक नागपूरचे, व्यवसायाने कंत्राटदार. गाडी वर्षातून काही वेळा व्हिंटेज रॅलीला निघायची, एरवी वर्धा रोडला पहाटेचा एखादा फेरफटका. काम ज्यांच्या हातून झालं ते उस्ताद कामठी रोडच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवतात. जुन्या अमेरिकन गाड्यांत त्यांचा हात बसलेला आहे. माझ्याकडे मोजमापाचं काम होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत, तांत्रिक बाजू जशी घडली तशीच ठेवली आहे.

मालकांच्या डोक्यात धावपट्टीवरच्या क्वार्टर माईल स्पर्धेत, म्हणजे 402 मीटरच्या सरळ धावेत, उतरायचं आलं आणि तिथून हे प्रकरण सुरू झालं. इंजिन काही वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात पूर्ण बांधून घेतलेलं होतं. ते मिनिटाला 6000 फेऱ्यांपर्यंत आनंदाने चढायचं. तक्रार एकच: जोरात चालवताना तिसरा गिअर कधी कधी सुटायचा. "सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या कड्या) गेले असतील" म्हणून ती बाजूला पडली होती.

अडचण नेमकी काय होती

बेलहाऊसिंग म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं घंटेच्या आकाराचं कवच. आपल्याकडे बरेच जण त्याला क्लच हाऊसिंगच म्हणतात. आत फ्लायव्हील (इंजिनाच्या क्रँक या मुख्य दांड्याच्या टोकाला बसलेली जड चकती), क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फिरत असतात. या गाडीतलं मूळ कवच ओतीव अॅल्युमिनियमचं आहे आणि खालची बाजू तर पातळ पत्र्याच्या झाकणाने बंद केलेली. तेल, धूळ, दगड अडवायला ते पुरेसं आहे. फुटलेलं फ्लायव्हील अडवायला नाही.

फ्लायव्हील फुटलं तर तुकडे त्याच्या फिरण्याच्या पातळीतच बाहेर फेकले जातात, म्हणजे वर, खाली आणि दोन्ही बाजूंना. कॉर्व्हेटमध्ये ही पातळी पाय ठेवायच्या जागेजवळून जाते. आणि 1953 पासून कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची आहे. साध्या गाडीत निदान गिअरबॉक्सवरचा पोलादी पत्र्याचा बोगदा आडवा असतो. इथे चालकाच्या नडग्या आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचं ओतकाम, फायबरग्लासचा थर आणि गालिचा एवढंच. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्याही याच भागातून जातात.

मालकांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता: "पन्नास वर्षं काही झालं नाही, आता कशाला होईल?" यावर हिशेब मांडून दाखवला. 14 इंच व्यासाचं, साडेतेरा किलोचं फ्लायव्हील साधी चकती धरली तर 6000 फेऱ्यांना त्यात सुमारे 42 किलोज्यूल ऊर्जा साठते. दीड टनाची ही गाडी ताशी 27 किलोमीटरने जाताना जेवढी ऊर्जा बाळगते तेवढी. त्या वेळी कडेचा वेग ताशी 400 किलोमीटर असतो.

पण खरी भीती 6000 ची नाही, चुकलेल्या गिअरची आहे. एम-20 मध्ये तिसऱ्याचं गुणोत्तर 1.46 आणि दुसऱ्याचं 1.88. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना दांडा सरळ मागे ओढायचा असतो. डावीकडे बसलेला चालक उजव्या हाताने, घाईत, तो स्वतःकडे ओढतो आणि दांडा चौथ्याऐवजी दुसऱ्यात जाऊ शकतो. मग 6000 वर असलेलं इंजिन चाकांच्या जोराने 7700 च्या पलीकडे फेकलं जातं. फेऱ्यांना मर्यादा घालणारा रेव्ह लिमिटर तिथे काहीच करू शकत नाही. तो ठिणगी तोडतो, चाकांना थांबवत नाही. फेऱ्या 29 टक्क्यांनी वाढल्या, पण ऊर्जा आणि धातूतला ताण वर्गाच्या हिशेबाने वाढतात, म्हणजे सुमारे 66 टक्क्यांनी. रस्त्यावर शांतपणे चालवणाऱ्याकडून ही चूक सहसा होत नाही. दिवा हिरवा होताच सुटणाऱ्याकडून होते. पन्नास वर्षांचा दाखला म्हणूनच इथे उपयोगाचा नव्हता.

कोणते पर्याय समोर होते

काहीच न करणं आणि स्पर्धेत न उतरणं हा पर्यायही मी कागदावर लिहिला होता. मालकांनी तो वाचला, हसले आणि पुढे सरकले.

दुसरा पर्याय फक्त फ्लायव्हील बदलण्याचा. अखंड पोलादातून कोरलेलं, एसएफआय या अमेरिकी मोटरस्पोर्ट सुरक्षा संस्थेच्या 1.1 मानकाचं. हे मूळ कारणावरच घाव घालतं. ओतीव लोखंड ठिसूळ असतं, तडा गेला की इशारा न देता तुटतं. पोलाद तसं सहज जात नाही. पण प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेटही फुटू शकतात, म्हणून एवढ्याने भागत नाही.

तिसरा, मूळ कवचाला बाहेरून गुंडाळायचं संरक्षक कापड. अशी कापडं मुख्यतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी बनतात. बसवायला सोपी, काटछाट नको. मला ती इथे पटली नाहीत: फ्लायव्हीलच्या तुकड्याला धार असते, शिवाय कापड तेल पितं आणि एक्झॉस्टच्या नळ्या तिथून जवळच आहेत.

चौथा पर्याय उस्तादांच्या ओळखीतल्या एका फॅब्रिकेटरने सुचवला. हिंगणा एमआयडीसीत दोन सूत जाडीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटचं कवच वळवून, वेल्ड करून देतो म्हणाला. किंमत आयात कवचाच्या पाव. यावर बरीच चर्चा झाली, कारण नागपुरात असं काम सुबक करणारे हात नक्कीच आहेत. पण दोन गोष्टी आड आल्या. बाजारात मिळणारी तयार पोलादी कवचं एकाच पत्र्यातून दाबाने घडवलेली असतात, घुमटाला सांधा नसतो. वेल्ड केलेलं कवच सांध्यावरच उघडण्याचा धोका. आणि एसएफआयच्या 6.1 मानकाचं कवच आतल्या चकतीचे तुकडे आत ठेवतं का, याची परीक्षा झालेली असते. आपण बनवलेल्याची परीक्षा थेट मालकांच्या पायांवर होणार. फॅब्रिकेटरला नाही म्हणताना उस्तादांनी हेच कारण सांगितलं आणि त्यालाही ते पटलं.

पाचवा पर्याय प्रमाणित आयात कवच. वजन अॅल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट, वाहतूक महाग, त्यावर ड्यूटी. त्यात एक अट गुंतलेली: कवच कापलं, त्यात नवं भोक पाडलं किंवा वेल्ड मारला की प्रमाणन गेलं. म्हणजे ते गाडीत बसत नसेल तर कवचाला हात लावता येणार नाही, गाडीच बदलावी लागेल. आणि गाडी बदलायची नव्हती. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाडीची वेगळी नोंदणी होते, क्रमांकात व्हीए अक्षरं येतात; पण गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी त्यात अट आहे. मालकांना त्या नोंदणीला जायचं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी ठरलं: जे करायचं ते उलटवता आलं पाहिजे, फायबरग्लासला करवत लागणार नाही.

निवड झाली दुसऱ्या आणि पाचव्या पर्यायाची, दोन्ही मिळून. फक्त कवच तेवढं लगेच मागवलं गेलं आणि फ्लायव्हील "उघडल्यावर बघू" म्हणून राहिलं.

उघडल्यावर काय निघालं

मे महिना होता. शेडमध्ये दुपारी उभं राहवत नव्हतं, म्हणून काम पहाटे साडेपाचला सुरू व्हायचं आणि अकराला थांबायचं.

गिअरबॉक्स उतरला, क्लच निघाला आणि सगळे गप्प झाले. फ्लायव्हील ओतीव लोखंडाचं होतं, आणि कोणीतरी वजन कमी करायला त्याला कडेच्या बाजूने गोलाकार भोकं पाडलेली होती. क्लच घासतो त्या पृष्ठभागावर उष्णतेच्या बारीक रेघा. बुटीबोरीतल्या एका कारखान्यातून वेल्ड तपासायचा डाय पेनिट्रंट, म्हणजे तडे उघडे पाडणारा रंग, आणून फवारला. दोन भोकांच्या काठावरून निघालेल्या लाल रेषा पांढऱ्या थरावर उमटल्या. भोकाच्या काठावर ताण एकवटतो आणि ओतीव लोखंडाला तेच सोसत नाही. स्पर्धेचं राहू द्या, हे फ्लायव्हील घेऊन वर्धा रोडला जाणंही शहाणपणाचं नव्हतं.

कवचाच्या खरेदीवर नाराज असलेल्या मालकांच्या भावाने त्या दिवसानंतर खर्चाचा विषय काढला नाही.

नवं पोलादी फ्लायव्हील मागवताना दोन गोष्टी तपासल्या. 1986 पूर्वीच्या या शेवरले इंजिनांत मागचं ऑइल सील दोन भागांचं असतं आणि क्रँकवरच्या बोल्टांचं वर्तुळ 3.58 इंचांचं, नंतरच्यांत ते 3 इंच झालं. दुसरं, 350 चं इंजिन अंतर्गत संतुलित आहे, त्यामुळे फ्लायव्हीलला संतुलनासाठी वेगळं वजन लावलेलं नको. 400 घनइंचांचं, वजन लावलेलं आलं तर इंजिन थरथरून स्वतःचे बेअरिंग खाईल. दाते 168 मोजले होते, तेही लिहून दिले.

मोजमाप: इथेच प्रकरण वळलं

गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका टोकाला क्रँकमधल्या पायलट बुशात बसतो आणि दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये. गिअरबॉक्सचं केंद्र ठरतं ते बेलहाऊसिंगच्या मागच्या छिद्रावरून. म्हणजे हे 4.686 इंचांचं छिद्र क्रँकच्या केंद्रावर असायला हवं. ते सरकलेलं असेल तर शाफ्ट सतत वाकडा ओढला जातो, पायलट बुश झिजतं, गिअर जड पडतात, सुटतात. मान्य मर्यादा डायल गेजवर (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकावर) एकूण पाच थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.127 मिलिमीटर. पोलादी कवच विकत घेणारे बरेच जण ते सरळ बोल्ट करून मोकळे होतात. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर गिअरबॉक्स रडायला लागला की दोष गिअरबॉक्सला देतात.

कवच येऊन पडलेलं होतं आणि मालकांना घाई होती. उस्ताद अडून बसले. म्हणाले, "भाऊ, पहिले जुनं मोजून घेऊ. नवं वाकडं निघालं तर मग कोणाले धरणार?"

सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा निर्णय हाच. क्लच काढून, जुनं अॅल्युमिनियम कवच पुन्हा बोल्ट केलं. फ्लायव्हीलवर डायल गेजचा चुंबकी पाया चिकटवला (फ्लायव्हील अॅल्युमिनियमचं असतं तर चुंबक धरलाच नसता), स्पार्क प्लग काढले आणि क्रँक हाताने फिरवला. फरक आला 0.34 मिलिमीटर. मर्यादेच्या अडीच पटींहून जास्त. तिसरा गिअर का सुटत होता, याचं पहिलं खरंखुरं उत्तर तिथे मिळालं.

नवं फ्लायव्हील आल्यावर पोलादी कवच मोजलं. त्याच्यासोबत एक सपाट पोलादी प्लेट येते, ती इंजिन ब्लॉक आणि कवच यांच्यामध्ये बसते आणि पुढची बाजू बंद करते. तिचं मधलं छिद्र फ्लायव्हीलपेक्षा लहान, त्यामुळे आधी प्लेट, मग फ्लायव्हील, मग कवच. हा क्रम चुकला की सगळं परत उघडा. मोजणीही प्लेट लावूनच करायची. आकडा आला 0.44.

"नाही जमून राहिलं," उस्ताद म्हणाले. मालकांना वाटलं, कवचच सदोष आलं, परत पाठवू. पण दोन्ही कवचांचा जास्तीत जास्त फरक एकाच दिशेला होता, मागून पाहिलं तर घड्याळातल्या दोनच्या आकड्याकडे. वेगळ्या धातूची, वेगळ्या कारखान्यांत बनलेली दोन कवचं एकाच बाजूला सरकतात, तेव्हा दोष कवचांत नसतो. ब्लॉकमधल्या, कवचाची जागा ठरवणाऱ्या डॉवेल पिनांची जागाच क्रँकच्या केंद्राशी जुळत नव्हती. इंजिन बांधताना क्रँकच्या बेअरिंगच्या जागा एका रेषेत पुन्हा बोर केल्या जातात, त्यात केंद्र किंचित सरकू शकतं. इथे तसं झालं असावं असा माझा अंदाज. जुनं मोजलं नसतं तर कवच परत गेलं असतं, दुसरं आलं असतं आणि तेही असंच निघालं असतं.

उपाय दोन सुचले. खरादवाले काका म्हणाले, मागचं छिद्र मोठं करून रिंग बसवून देतो. त्याने केंद्र जुळलं असतं, प्रमाणन गेलं असतं. त्यामुळे विक्षेपित डॉवेल पिना घ्यायचं ठरलं, म्हणजे ज्यांचा ब्लॉकमध्ये शिरणारा भाग आणि बाहेरचा भाग एका केंद्रावर नसतात. त्या 7, 14 आणि 21 थाउच्या मिळतात. गेजवरचा फरक केंद्राच्या सरकण्याच्या दुप्पट दिसतो, त्यामुळे 0.44 चं निम्मं 0.22 मिलिमीटर धरायचं, म्हणजे साधारण पावणेनऊ थाउ. 7 ची पिन घेतली तर शिल्लक पावणेदोन थाउ. 14 ची घेतली तर केंद्र पलीकडे निघून जातं. 7 ची घेतली.

बसवताना

पन्नास वर्षं रुतून बसलेल्या जुन्या पिना काढायलाच सर्वांत जास्त घाम निघाला. नव्या दोन्ही पिनांच्या खाचा एकाच दिशेला ठेवून बसवल्या, मोजलं, थोड्या फिरवल्या, पुन्हा मोजलं. शेवटचा आकडा 0.10 मिलिमीटर. मग मागची सपाटी: क्रँकला पुढे-मागे थोडी हालचाल असते, म्हणून ही मोजणी घेताना क्रँक एका बाजूला दाबून धरावा लागतो, नाहीतर गेज क्रँकची हालचालच दाखवतो. ती ठीक निघाली.

बोल्टांवरून एक प्रसंग टळला. ब्लॉकमधले आटे 3/8 इंच, इंचाला 16. इतवारीत हातात आले ते एम-10 चे, 10.9 दर्जाचे, दिसायला सारखेच. तोंडाशी किंचित धरतातही. पुढे जोर लावला असता तर ब्लॉकचे आटे गेले असते. उस्तादांनी बोल्ट बोटांनी फिरवून पाहिला आणि तिथेच थांबले. योग्य आट्यांचे उच्च दर्जाचे बोल्ट मिळाल्यावर सहाही भोकं भरली. एकही रिकामं ठेवायचं नाही, कारण फुटताना भार सगळ्या बोल्टांवर वाटला गेला पाहिजे.

सेल्फचा त्रास झाला नाही. शेवरलेत सेल्फ थेट ब्लॉकला बसतो, त्यामुळे मधल्या प्लेटच्या जाडीने त्याचं दात्यांशी अंतर बदलत नाही. इनपुट शाफ्ट पायलट बुशात किती शिरतो, ते मात्र प्लेट धरून मोजून घेतलं.

कवच जुन्यापेक्षा फुगीर असल्याने बोगद्याच्या उजव्या बाजूला जेमतेम बोटभर जागा उरली. इथे करवतीचा मोह झाला होता. त्याऐवजी इंजिनाचे माउंट तपासले: रबर कडक होऊन फाटलेलं. जोर लागला की इंजिन डोलतं आणि त्या जागेचा काही भाग खातं. माउंट बदलले, बोगद्याच्या आतलं जुनं अस्तर काढलं, जागा पुरली.

आणि एक नागपुरी त्रास. शेडमध्ये दिवसभर कूलर. त्याच्या ओल्या हवेसमोर ठेवलेल्या उघड्या पोलादावर दोन दिवसांत तांबूस थर चढला. बाहेरून रंग दिला, पण जोडाच्या सपाट पृष्ठभागांवर रंग न देता नुसता तेलाचा हात फिरवला. तिथे रंगाचा थर आला की इतक्या खटपटीने जुळवलेली सपाटी बिघडते.

निष्पत्ती

पावसाळा संपल्यावर गाडी रस्त्यावर आली. तिसरा गिअर सुटणं बंद झालं, गिअरबॉक्स न उघडता. क्लचचं पेडल आधीपेक्षा जड आहे आणि ते मालकांच्या पत्नींना अजिबात आवडलेलं नाही. पण ते नव्या प्रेशर प्लेटमुळे, कवचामुळे नाही. हिवाळ्यात गाडी स्पर्धेत धावली. परतल्यावर बोल्टांचा ताण तपासला, दोन बोल्ट किंचित सैल निघाले, ते पुन्हा कसले. कवच फुटण्याच्या परीक्षेला उतरलेलं नाही, त्यामुळे ते किती चांगलं याबद्दल या प्रकरणातून काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध झालं ते एवढंच, की गाडीत खरोखर एक फुटायला आलेलं फ्लायव्हील होतं.

मूळ अॅल्युमिनियम कवच, त्यावरच्या 3899621 या ओतकाम क्रमांकासकट, तेल लावून गुंडाळून ठेवलं आहे. जुन्या डॉवेल पिनाही त्याच पिशवीत आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीचा क्रम उलटा झाला. आधी उघडायचं, मोजायचं, मग मागवायचं, असं केलं असतं तर तडे गेलेलं फ्लायव्हील कवचाच्या ऑर्डरआधी कळलं असतं. भीती ज्याची होती ती वस्तू न बघताच तिच्याभोवतीचं कवच मागवलं गेलं. फ्लायव्हील चांगलं निघालं असतं तर हा क्रम कोणाला खटकलाही नसता.

त्याहून जास्त वेळ गेला तो दुसऱ्या ठिकाणी. पोलादी कवचाची मोजणी नवं फ्लायव्हील येईपर्यंत थांबवली गेली. तशी गरज नव्हती. जुनं फ्लायव्हील रस्त्यासाठी बाद होतं, पण हाताने क्रँक फिरवून गेज धरायला ते पुरेसं होतं. प्लेट लावून तेच परत चढवलं असतं की आकडा त्याच आठवड्यात मिळाला असता. मग डॉवेल पिना आणि फ्लायव्हील एकाच पार्सलात आले असते. वेगवेगळी मागवल्याने गाडी अख्खा पावसाळा लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) उभी राहिली.

डॉवेल पिनांबद्दल उस्तादांचं आणि माझं अजून जमत नाही. मला वाटतं, 5/8 इंचाची पिन चार जबड्यांच्या चकमध्ये धरून 0.18 मिलिमीटर सरकवून खरादावर काढणं नागपुरात सहज होतं. पिनेचं काम जागा ठरवणं, तुकडे अडवणं नव्हे. इथे प्रमाणनाचा प्रश्न येत नाही. चांगलं पोलाद घेऊन, मोजून घेतली तर चालावी. उस्तादांचं म्हणणं, दोन पिना अगदी सारख्या निघाल्या नाहीत तर कवच तिरकं ओढलं जाईल आणि मग शोधत बसा. पुढच्या गाडीला दोन्ही करून, गेज लावून पाहू, असं ठरलं आहे. ती गाडी मस्टँग आहे आणि फोर्डमध्ये सेल्फ बेलहाऊसिंगकडच्या बाजूने बसतो, म्हणजे प्लेटच्या जाडीचा हिशेब तिथे नव्याने मांडावा लागेल.